ओव्हरक्लॉकिंग व प्रक्रियकाचे शीतन

संगणकातील प्रक्रियक (व्यवहारात ज्याला प्रोसेसर म्हणतात तो गणन करणारा भाग) निर्मात्याने नेमून दिलेल्या कंप्रतेपेक्षा अधिक कंप्रतेवर चालविण्याच्या क्रियेस ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. कंप्रता म्हणजे येथे प्रक्रियकास दर सेकंदास मिळणाऱ्या कालस्पंदांची संख्या होय. स्पंदांची संख्या वाढविली की तेच काम कमी वेळात होते. परंतु त्याचबरोबर प्रक्रियकात निर्माण होणारी उष्णताही वाढते व ती वेळीच काढून नेली नाही, तर गणनात चुका होतात, संगणक मध्येच बंद पडतो आणि काही वेळा प्रक्रियक कायमचा निकामी होतो. त्यामुळे ओव्हरक्लॉकिंगचा इतिहास हा बव्हंशी उष्णतेशी केलेल्या झगड्याचा इतिहास आहे. हा झगडा प्रयोगशाळांपेक्षा हौशी लोकांच्या टेबलावर अधिक लढला गेला, हे त्याचे वैशिष्ट्य होय. त्यातून निघालेल्या कित्येक युक्त्या पुढे कारखान्यांनी उचलल्या.

उष्णतेचे मूळ : आधुनिक प्रक्रियकात सिलिकॉनच्या चिपेवर कोट्यवधी ट्रँझिस्टर असतात. प्रत्येक ट्रँझिस्टर चालू-बंद होताना त्याला जोडलेली अल्पशी विद्युत् धारिता भारित व विभारित होते आणि प्रत्येक वेळी थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. या कारणाने खर्च होणारी शक्ती धारिता, विद्युत् दाबाचा वर्ग व कंप्रता यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. यातील वर्गाची संज्ञा महत्त्वाची आहे. केवळ कंप्रता २० टक्क्यांनी वाढविली, तर उष्णता २० टक्क्यांनी वाढते. परंतु वाढीव कंप्रतेवर ट्रँझिस्टर वेळेत चालू-बंद व्हावेत म्हणून विद्युत् दाबही १० टक्के वाढवावा लागला, तर उष्णता १·२ × १·२१ म्हणजे जवळजवळ १·४५ पट होते. याखेरीज बंद स्थितीतील ट्रँझिस्टरांमधूनही अल्प गळती प्रवाह वाहत असतो. तापमान वाढले की ही गळती वाढते व गळती वाढली की तापमान आणखी वाढते. म्हणून तापलेला प्रक्रियक स्वतःच स्वतःस अधिक तापवीत जातो. सावकाराच्या व्याजासारखी ही वाढ असून तिला बाहेरून आवर घालावा लागतो.

नेमून दिलेल्या कंप्रतेपलीकडे प्रक्रियक मुळात चालतोच कसा, हा प्रश्न येथे साहजिक आहे. एकाच सिलिकॉन तबकडीवर तयार झालेल्या शेकडो चिपा एकसारख्या निघत नाहीत. तबकडीच्या मध्यभागातील काही चिपा वेगवान व कडेच्या मंद, असा फरक पडतो. निर्माता त्यांची चाचणी घेऊन वर्गवारी करतो आणि प्रत्येक वर्गावर वेगळी कंप्रता छापतो. ही कंप्रता ठरविताना तापलेली खोली, धुळीने भरलेला पंखा, कमी-जास्त होणारा विद्युत् पुरवठा व अनेक वर्षांचे आयुष्य या सर्वांसाठी काही अंतर राखलेले असते. शिवाय बाजारात स्वस्त प्रक्रियकांना मागणी अधिक असेल, तर उत्तम चिपाही खालच्या वर्गाचा शिक्का मारून विकल्या जातात. ओव्हरक्लॉकिंग करणारा हे राखीव अंतर आपल्या पदरात पाडून घेतो. त्यासाठी त्याला निर्मात्याने गृहीत धरलेल्यापेक्षा अधिक चांगले शीतन स्वतःच्या खर्चाने करावे लागते.

पूर्वपीठिका : संगणकाचे शीतन हे घरगुती संगणकाहून जुने आहे. फिलाडेल्फिया येथे १९४६ साली जाहीर झालेल्या एनिॲक या संगणकात सु. १८,००० इलेक्ट्रॉन नलिका होत्या व त्याला सु. १५० किलोवॉट शक्ती लागे. ही उष्णता मोठमोठ्या झोतपंख्यांनी बाहेर काढावी लागे. ट्रँझिस्टर (१९४७) व संकलित मंडल (१९५८-५९) यांच्या शोधांनी उष्णतेचा प्रश्न काही काळ मागे पडला. परंतु मंडले जसजशी दाट झाली तसतसा तो मोठ्या यंत्रांत पुन्हा उभा राहिला. क्रे-१ या महासंगणकाची (१९७६) मंडले फ्रिऑन या प्रशीतकाने थंड केली जात, तर क्रे-२ (१९८५) याची मंडले फ्ल्युओरिनयुक्त निष्क्रिय द्रवात बुडवूनच ठेवलेली होती. आय्‌बीएम कंपनीच्या ३०८१ या संगणकात (१९८०) प्रत्येक चिपेवर धातूचा एक छोटा दट्ट्या टेकविलेला असे. दट्ट्यांभोवती हीलियम वायू भरलेला असे आणि वरून पाणी खेळविलेले असे. भारतात त्या सुमारास संगणकाची खोली म्हणजे वातानुकूलित व पादत्राणे बाहेर काढून शिरावयाची जागा, असा शिरस्ता होता. त्यात थोडा भाग श्रद्धेचा असला, तरी उष्णता व धूळ या दोन शत्रूंची जाणीवही त्यामागे होती.

घरगुती संगणक मात्र आरंभी थंडच होता. इंटेल कंपनीचा पहिला सूक्ष्मप्रक्रियक ४००४ (१९७१) यात २,३०० ट्रँझिस्टर होते व त्याची कंप्रता एक मेगॅहर्ट्झपेक्षाही कमी होती. १९८१ मध्ये आलेल्या आय्‌बीएमच्या वैयक्तिक संगणकातील ८०८८ हा प्रक्रियक ४·७७ मेगॅहर्ट्झवर चाले व एक-दोन वॉट शक्ती वापरी. त्याच्यावर धातूचा ठोकळा नव्हता की पंखा नव्हता. विद्युत् पुरवठ्याच्या पेटीतील पंखा सबंध यंत्राला पुरे.

स्फटिक बदलण्याचा काळ : घरगुती ओव्हरक्लॉकिंगचा पहिला व्यापक प्रकार १९८४ मध्ये आलेल्या आय्‌बीएम पीसी/एटी या संगणकाशी निगडित आहे. त्यातील ८०२८६ हा प्रक्रियक ६ मेगॅहर्ट्झवर चाले आणि हे स्पंद १२ मेगॅहर्ट्झच्या क्वॉर्ट्झ स्फटिकापासून निम्मे करून मिळविलेले असत. स्फटिक डाख न देता खोबणीत बसविलेला असल्याने तो उपटून त्या जागी १६ मेगॅहर्ट्झचा स्फटिक बसविला की प्रक्रियक ८ मेगॅहर्ट्झवर धावू लागे. अगदी थोड्या खर्चात वेग एकतृतीयांशाने वाढे व उष्णतेत फारसा फरक पडत नसे. पुढे या कंपनीने संगणक सुरू होताना कंप्रता तपासणारा व ती जास्त आढळल्यास यंत्र पुढे चालू न देणारा आज्ञासमूह घातला. निर्माता व हौशी ग्राहक यांच्यातील पुढील अनेक वर्षांच्या लपंडावाचा हा आरंभ होता.

यानंतर दहा वर्षांत परिस्थिती पालटली. ८०४८६ (१९८९) या प्रक्रियकाच्या ६६ मेगॅहर्ट्झच्या आवृत्तीवर (१९९२) पातीदार ठोकळा व पुष्कळदा छोटा पंखा दिसू लागला. १९९३ मध्ये आलेला पहिला पेंटियम ५ व्होल्टवर चाले व सु. १५ वॉट शक्ती वापरी. त्याला पंख्यावाचून चालविणे अवघडच होते. या ठोकळ्यास हीट सिंक म्हणतात. त्याचे काम उष्णता नष्ट करणे हे नसून ती अल्प क्षेत्रफळावरून मोठ्या क्षेत्रफळावर पसरविणे व तेथून हवेस देणे हे आहे. चिपेपासून ठोकळ्याच्या पात्यांपर्यंत उष्णता संवहनाने जाते व पात्यांपासून पुढे हवेच्या अभिसरणाने. तांब्याची औष्णिक संवाहकता ॲल्युमिनियमाच्या जवळजवळ पावणेदोनपट आहे. परंतु ते जड व महाग असल्यामुळे तळ तांब्याचा व पाती ॲल्युमिनियमाची अशी तडजोड पुष्कळ ठिकाणी केलेली आढळते.

दोन धातूंचे पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले, तरी ते एकमेकांवर टेकविल्यावर प्रत्यक्षात काही उंचवट्यांवरच भेटतात. मधल्या खळग्यांत हवा राहते आणि हवा ही उष्णतेची अत्यंत मंद संवाहक असून तांब्याच्या मानाने तिची संवाहकता सु. १५,००० पटींनी कमी आहे. म्हणून या खळग्यांत झिंक ऑक्साइड किंवा चांदी यांची बारीक भुकटी तेलात कालवून केलेला लेप भरतात. हा लेप जितका पातळ तितका चांगला. नवशिके लोक पोळीला तूप लावावे तसा तो सढळ हाताने लावीत व तापमान कमी होण्याऐवजी वाढले म्हणून चकित होत. काही हौशी मंडळी ठोकळ्याचा तळ काचेवर ठेवलेल्या बारीक पॉलिश कागदावर तासन्‌तास घासून आरशासारखा करीत. त्यातून दोन-तीन अंशांचा फायदा होई. तेवढ्यासाठी एवढे श्रम घेणे हे हौशीचेच लक्षण म्हणावे लागेल.

सेलेरॉन ३००ए : या छंदाला चळवळीचे रूप दिले ते एका स्वस्त प्रक्रियकाने. मदरबोर्ड पुरवीत असलेली बसची कंप्रता व प्रक्रियकात ठरलेला गुणक यांच्या गुणाकाराने प्रक्रियकाची कंप्रता ठरते. १९९० नंतरच्या दशकात काही व्यापारी मंद प्रक्रियकांवरील छाप खोडून त्यांवर वरच्या वर्गाचा छाप मारीत व ग्राहकांना फसवीत. या फसवणुकीस आळा घालण्यासाठी इंटेलने गुणक कुलूपबंद केला. बसची कंप्रता मात्र मदरबोर्डाच्या ताब्यात राहिली. २४ ऑगस्ट १९९८ रोजी इंटेलने दोन प्रक्रियक बाजारात आणले : ४५० मेगॅहर्ट्झचा पेंटियम २ व ३०० मेगॅहर्ट्झचा सेलेरॉन ३००ए. पहिल्याची घाऊक किंमत सु. ६७० डॉलर, तर दुसऱ्याची सु. १५० डॉलर होती. सेलेरॉनचा गुणक ४·५ व बस ६६ मेगॅहर्ट्झची होती. त्याच वर्षी आलेल्या ४४०बीएक्स चिपसंचाच्या मदरबोर्डांवर १०० मेगॅहर्ट्झची बस उपलब्ध असल्याने, ती निवडली की ४·५ × १०० म्हणजे नेमके ४५० मेगॅहर्ट्झ मिळत. त्यातील १२८ किलोबाइटची द्रुतस्मृती चिपेवरच असून प्रक्रियकाच्या पूर्ण वेगाने चाले, त्यामुळे स्मृतीची चिप मागे पडेल ही नेहमीची अडचणही येथे नव्हती.

अनेक मदरबोर्डांवर बस आपोआप ६६ मेगॅहर्ट्झवर जाई, कारण प्रक्रियकाच्या पट्टीवरील बी२१ या क्रमांकाचा संपर्कबिंदू तशी खूण देत असे. त्या बिंदूवर चिकटपट्टीचा इवलासा तुकडा लावला की ही खूण नाहीशी होई. अॅबिट कंपनीच्या बीएच६ सारख्या मदरबोर्डांवर तर कंप्रता व विद्युत् दाब पडद्यावरील यादीतून निवडता येत. मुंबईतील लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारपेठांतून सुटे भाग घेऊन संगणक जोडून घेण्याचा प्रघात आपल्याकडे त्या काळात रूढ झाला होता. अशा रीतीने जोडलेल्या संगणकाच्या मालकास ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय ते समजावून घेणे तयार यंत्र विकत घेणाऱ्यापेक्षा सोपे होते, कारण आपल्या पेटीत कोणता भाग कोठे आहे हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असे.

उष्णतेच्या दृष्टीने सेलेरॉनचे गणित सोपे होते. मूळ कंप्रतेवर तो सु. १९ वॉट शक्ती वापरी. विद्युत् दाब २ व्होल्टच ठेवून ४५० मेगॅहर्ट्झवर नेल्यास ही शक्ती दीडपट, म्हणजे २८ ते २९ वॉट होई. ज्या चिपा तेवढ्या दाबावर स्थिर राहत नसत त्यांना २·२ व्होल्टपर्यंत दाब द्यावा लागे व मग शक्ती ३५ वॉटच्या घरात जाई. सोबत मिळालेला छोटा ठोकळा येथे अपुरा पडे. मोठा ठोकळा व दोन पंखे बसविले की काम भागे. पाचशे डॉलरांचा फरक काही डॉलरांच्या ॲल्युमिनियमाने भरून निघत होता आणि ही गोष्ट लपून राहण्यासारखी नव्हती. विद्यार्थ्यांनी व बेताच्या मिळकतीच्या लोकांनी या प्रक्रियकाचे जे स्वागत केले, ते पुढे कोणत्याही एका प्रक्रियकाच्या वाट्यास क्वचितच आले.

उघड्या चिपेचे दिवस : एएमडी कंपनीच्या ॲथलॉन (१९९९) या प्रक्रियकाने स्पर्धा तीव्र केली. ६ मार्च २००० रोजी एएमडीने व दोनच दिवसांनी इंटेलने १ गिगाहर्ट्झचा प्रक्रियक जाहीर केला. या प्रक्रियकांच्या २००० मधील पिढीत चिप आवरणाविना उघडी असे. गुणकाचे कुलूप आवेष्टनाच्या पृष्ठभागावरील काही सूक्ष्म धातुसेतू लेसरने तोडून केलेले होते. साध्या शिसपेन्सिलीतील ग्रॅफाइट विद्युत् संवाहक असल्याने या सेतूंवरून पेन्सिलीची रेघ ओढली की कुलूप उघडे. एखाद्या कारखान्याची तटबंदी इतक्या स्वस्तात ढासळल्याचे दुसरे उदाहरण सहसा सापडणार नाही. पुढच्या ॲथलॉन एक्सपीमध्ये (२००१) लेसरने सेतूंच्या जागी खळगे पाडले गेल्याने ते आधी बुजवून मग चांदीयुक्त रंगाने जोडावे लागत.

कुलूप उघडणे सोपे असले, तरी उष्णता निपटणे सोपे नव्हते. १·४ गिगाहर्ट्झचा ॲथलॉन ७२ वॉटपर्यंत शक्ती वापरी व त्याच्या चिपेचे क्षेत्रफळ सु. १२० चौ. मिमी. होते. म्हणजे दर चौ. सेंमी. मागे ६० वॉट. कपड्यांच्या १,००० वॉटच्या इस्त्रीच्या तळाशी हे प्रमाण पाच-सात वॉटपेक्षा अधिक नसते. २००१ साली इंटेलमधील पॅट गेल्सिंगर यांनी एका तांत्रिक परिषदेत प्रक्रियकांच्या या शक्तिघनतेची तुलना अणुभट्टी व अग्निबाणाच्या नळकांड्याशी केली होती. ही तुलना अतिशयोक्तीची नव्हती, हे लवकरच दिसून आले.

शीतनाची क्षमता औष्णिक रोधाने मोजतात. दर वॉटमागे ठोकळ्यासह चिपेचे तापमान खोलीपेक्षा किती अंशांनी वर जाते, ते यावरून कळते. दर वॉटला ०·५° से. इतका रोध असलेला ठोकळा त्या काळी चांगला मानला जाई. खोली २५° से. असेल, तर ७२ वॉटचा प्रक्रियक त्याच्याखाली ६१° से. वर राहील. वर सांगितल्याप्रमाणे उष्णता १·४५ पट केली, तर तो ७७° से. वर जाईल. हीच पेटी मे महिन्यात नागपूर किंवा अकोल्यातील एखाद्या खोलीत ठेवली व खोलीचे तापमान ४०° से. असले, तर प्रक्रियक ९२° से. वर पोहोचेल. या प्रक्रियकांची मर्यादा ९० ते ९५° से. होती. युरोपातील हौशी लोकांनी नमूद केलेल्या कंप्रता विदर्भातल्या उन्हाळ्यात का टिकत नसत, याचे उत्तर या बेरजेत आहे. कोणताही पंखा वा ठोकळा प्रक्रियकास खोलीपेक्षा थंड करू शकत नाही.

ठोकळे वाढत गेले व त्यांना घट्ट दाबणारी स्प्रिंगची पट्टीही कडक होत गेली. ती स्क्रू-ड्रायव्हरने दाबून अडकविताना ठोकळा थोडा जरी तिरपा झाला, तरी चिपेचा कोपरा तुटे आणि शेकडो डॉलरांचा प्रक्रियक जागच्या जागी मरे. एएमडीने चारही कोपऱ्यांवर मऊ गाद्या दिल्या होत्या. परंतु त्या पुरेशा ठरत नसत. मापनही विश्वसनीय नव्हते. अनेक मदरबोर्डांवर तापमापी चिपेत नसून खोबणीच्या पोटात असे व ती खऱ्या तापमानापेक्षा कित्येक अंश कमी दाखवी. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चित्रफितीत चालू संगणकावरील ठोकळा काढून दाखविला होता. ॲथलॉन क्षणार्धात धूर सोडून जळाला, तर पेंटियम ४ आपली गती स्वतःच कमी करून वाचला. त्यानंतर चिपेतच बसविलेल्या तापमापीचे व स्वयंचलित गतिनियंत्रणाचे महत्त्व सर्वांना पटले. पेंटियम ४ (२०००) व ॲथलॉन ६४ (२००३) यांच्या चिपांवर उष्णता पसरविणारे धातूचे झाकण आले आणि कोपरे तुटण्याचे दिवस संपले.

या वर्षांत आवाजाचाही प्रश्न उद्‌भवला. ६० मिमी. व्यासाचे पंखे मिनिटास ७,००० फेऱ्यांनी फिरविले जात व त्यांची घरघर शेजारच्या खोलीत ऐकू जाई. उपाय निघाला तो उष्णता-नलिकेतून. बंद नळीत अल्प द्रव ठेवून तो गरम टोकास उकळू द्यावयाचा व थंड टोकास त्याचे पुन्हा संघनन होऊ द्यावयाचे, ही कल्पना अमेरिकेतील लॉस ॲलॅमॉस येथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये प्रत्यक्षात आणली होती व ती अवकाशयानांत वापरली गेली होती. द्रवाच्या सुप्त उष्णतेमुळे ही नळी तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या कांबीहून कितीतरी अधिक उष्णता वाहून नेते. चार-सहा नलिका मनोऱ्यासारख्या उभ्या करून त्यांवर पातळ पाती ओवली व १२० मिमी.चा संथ पंखा बसविला की तेच काम जवळजवळ निःशब्दपणे होई. तेव्हापासून हवेने शीतन करणाऱ्या चांगल्या साधनांचा आकार मूलतः हाच राहिला आहे.

पाणी, बर्फ व द्रव नायट्रोजन : पाण्याने शीतन करण्याचे आरंभीचे घरगुती संच म्हणजे कारागिरीचे नमुनेच होते. मोटारगाडीच्या हीटरमधील नळ्यांचे जाळे, मत्स्यालयाचा पंप व घरी कोरलेला तांब्याचा ठोकळा यांपासून ते तयार होत. मिनिटास एक लिटर पाणी खेळविले, तर १०० वॉट उष्णता शोषूनही त्याचे तापमान दीड अंशाहून कमीच वाढते. मात्र पाणी हा केवळ वाहक आहे. उष्णता अखेर हवेतच सोडावी लागते. पाण्यामुळे ती मोठ्या जाळ्यापर्यंत नेता येते इतकेच. एकाच संचात तांबे व ॲल्युमिनियम वापरणाऱ्यांना काही महिन्यांत ॲल्युमिनियम कुरतडले गेलेले आढळे, कारण दोन धातू व पाणी मिळून विद्युत् घटच तयार होतो. काहींनी उंच नळीतून पाणी तुषाररूपाने पाडून ते खोलीपेक्षाही गार केले. माठातील पाणी ज्या तत्त्वाने गार होते तेच हे तत्त्व असून, कोरड्या हवेत ते उत्तम व कोकणासारख्या दमट हवेत निरुपयोगी ठरते. बंद व तयार जलशीतन संच २००९ च्या सुमारास दुकानांत सर्रास मिळू लागले आणि मत्स्यालयाचे पंप मत्स्यालयात परतले.

खोलीच्या तापमानाखाली जाण्यासाठी उष्णता पंप लागतो. झां पेल्त्ये यांनी १८३४ मध्ये शोधलेल्या परिणामावर आधारलेल्या विद्युत् पट्ट्या यासाठी वापरल्या गेल्या. परंतु त्या प्रक्रियकाइतकीच किंवा त्याहून अधिक शक्ती स्वतः खात. अमेरिकेतील क्रायोटेक कंपनीने प्रशीतकाच्या बाष्पसंपीडनाने, म्हणजे फ्रिजच्या तंत्राने, प्रक्रियक −४०° से. च्या आसपास ठेवणारे संगणक विकले व त्यांतून २००० च्या आरंभीच, अधिकृत १ गिगाहर्ट्झ प्रक्रियक येण्यापूर्वी, ॲथलॉन त्या कंप्रतेवर चालविला. डेन्मार्कच्या ॲसेटेक कंपनीचा व्हेपोचिल हा संच याच जातीचा होता. सर्व अतिशीत पद्धतींचा समान शत्रू दव हा होय. दवबिंदूखाली गेलेल्या प्रत्येक भागावर पाणी साचते आणि मदरबोर्डाचा संक्षेप होतो. म्हणून खोबणीभोवती रबरी फोम, पेट्रोलियम जेली इत्यादींचे थर द्यावे लागतात.

द्रव नायट्रोजनाने (उत्कलनबिंदू −१९६° से.) कंप्रतेचे उच्चांक करण्याची प्रथा या शतकाच्या पहिल्या दशकात रूढ झाली. २००३ च्या अखेरीस अशा रीतीने पेंटियम ४ हा ५ गिगाहर्ट्झवर चालविण्यात आला. ३१ ऑगस्ट २०११ रोजी एएमडीच्या एफएक्स प्रक्रियकाने ८·४२९ गिगाहर्ट्झचा उच्चांक केला. त्यासाठी द्रव हीलियमही वापरला होता. २०२२ च्या अखेरीस इंटेलच्या प्रक्रियकाने ९ गिगाहर्ट्झ ओलांडले. हे उच्चांक काही सेकंदांचे असतात व त्यांवर कोणतेही उपयुक्त काम होत नाही. त्यांचे स्थान खेळात आहे, शीतनाच्या तंत्रात नाही.

मर्यादा : रॉबर्ट डेनार्ड व त्यांचे आय्‌बीएममधील सहकारी यांनी १९७४ मध्ये दाखविले होते की, ट्रँझिस्टर लहान करताना विद्युत् दाबही त्याच प्रमाणात कमी केल्यास दर चौ. सेंमी. मागील उष्णता स्थिर राहते. सेलेरॉनसारखे चमत्कार या नियमाच्या आश्रयाने घडले. दाब ५ व्होल्टवरून ३·३, २ व मग सु. १·३ व्होल्टपर्यंत उतरला. परंतु त्याखाली गळती प्रवाह आवरेना व नियम २००५ च्या सुमारास मोडला. ९० नॅनोमीटर तंत्राचा पेंटियम ४ (फेब्रुवारी २००४) ११५ वॉटपर्यंत तापू लागला. ज्या रचनेकडून १० गिगाहर्ट्झपर्यंत जाण्याची अपेक्षा होती तिचा पुढचा प्रक्रियक इंटेलने मे २००४ मध्ये रद्द केला आणि ऑक्टोबरमध्ये ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ ही मागे घेतला. त्याऐवजी एका चिपेवर दोन गाभे ठेवण्याचा मार्ग धरला गेला. हौशी लोकांना ही बातमी अनपेक्षित नव्हती. मोठ्या ठोकळ्यांखालीही जुन्याइतकी वाढ मिळत नाही, हे त्यांनी आधीच अनुभवले होते.

केवळ तापमान सांभाळले म्हणजे सर्व सांभाळले असेही नाही, हा धडा १३० नॅनोमीटरच्या पेंटियम ४ ने (२००२) दिला. त्याची १·६ गिगाहर्ट्झची स्वस्त आवृत्ती १३३ मेगॅहर्ट्झच्या बसवर सहज २·१३ गिगाहर्ट्झ देई. अधिकाच्या लोभाने ज्यांनी मूळ १·५ व्होल्टचा दाब १·७ च्या वर नेला त्यांचे प्रक्रियक, तापमान उत्तम असूनही, काही आठवड्यांत वा महिन्यांत अकस्मात मेले. चिपेतील सूक्ष्म तारांमधून वाहणारा दाट इलेक्ट्रॉन प्रवाह धातूचे अणू ढकलीत नेतो व कालांतराने तार तुटते. यास विद्युत् स्थलांतरण म्हणतात. तारेचे आयुष्य प्रवाहघनता व तापमान या दोन्हींवर कसे अवलंबून असते, याचे सूत्र मोटोरोला कंपनीतील जेम्स ब्लॅक यांनी १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मांडले होते. अशा अकालमृत्यूंचे एकमेव कारण हेच होते की नाही याबद्दल मतभेद असले, तरी दाब वाढविणे हे कंप्रता वाढविण्यापेक्षा अधिक घातक आहे, ही समजूत तेव्हापासून रूढ झाली व ती योग्यच आहे.

इंटेलने २०११ च्या आरंभी आणलेल्या पिढीत गुणक खुला असलेले प्रक्रियक थोड्या जादा किंमतीस विकले व जो लपंडाव होता त्याचा व्यापार झाला. ३·४ गिगाहर्ट्झचा प्रक्रियक हवेच्या शीतनावर ४·५ गिगाहर्ट्झ देई. पुढील वर्षीच्या पिढीत मात्र चिप व झाकण यांमधील डाख जाऊन तेथे लेप आला आणि त्याच शीतनाखाली तापमान बरेच वर गेले. तेव्हा हौशी लोकांनी दाढीचे पाते झाकणाखाली सरकवून ते उचकटले. दोष लेपाइतकाच झाकण चिकटविणाऱ्या जाड गोंदातही असून त्यामुळे झाकण व चिप यांत फट राहते, असे त्यांना आढळले. गोंद काढून मध्ये गॅलियमयुक्त द्रव मिश्रधातू भरला की १० ते २०° से. चा फरक पडे. गॅलियम ॲल्युमिनियमास ठिसूळ करून टाकतो, हे न कळल्यामुळे काहींचे ठोकळे गमावले. पाते घसरून चिपेचा कोपरा उडाल्याचे प्रसंगही थोडे नव्हते. २०१८ मध्ये इंटेलने या श्रेणीत डाख पुन्हा आणला.

दरम्यान प्रक्रियक स्वतःच ओव्हरक्लॉकिंग करू लागले होते. तापमान, शक्ती व प्रवाह मर्यादेत असतील तोवर कंप्रता आपोआप वाढविण्याची सोय इंटेलने २००८ मध्ये आणली व ती सर्वत्र पसरली. २०२२ मध्ये आलेले एएमडीचे रायझन ७००० मालिकेतील वरचे प्रक्रियक जड कामाखाली ९५° से. पर्यंत जाऊन तेथे स्थिर राहतील अशाच बेताने आखलेले होते. पूर्वी ज्या आकड्यास हौशी माणूस घाबरून संगणक बंद करी तो आकडा नेहमीचा ठरला. राखीव अंतर निर्मात्यानेच वापरल्यामुळे ग्राहकाच्या वाट्यास काही टक्क्यांपलीकडे उरले नाही. अंतर किती कमी ठेवावे यालाही सीमा आहे, हे २०२४ मध्ये दिसले. इंटेलच्या १३ व्या व १४ व्या पिढीतील अनेक प्रक्रियक कोणी हात न लावताही अस्थिर होऊ लागले. गरजेपेक्षा जास्त विद्युत् दाब मागितला जाणे हे त्याचे कारण असल्याचे कंपनीने मान्य केले, नियंत्रक आज्ञासमूह दुरुस्त केला व हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. अलीकडे पुष्कळ हौशी लोक कंप्रता वाढविण्याऐवजी तीच ठेवून विद्युत् दाब थोडा-थोडा कमी करीत जातात. दाब वर्गाच्या प्रमाणात मोजला जात असल्याने ५ टक्के कपातीत उष्णता जवळजवळ १० टक्क्यांनी घटते व पंखा संथ होतो.